माशी, मासा आणि मार्च

मार्च म्हणजे आपल्यासाठी इयर एंडिंग. हिमाचलच्या नद्यांवर मात्र मार्च म्हणजे ओपनिंग! ट्राउटच्या मागे भिंगारहून तीर्थन खोऱ्यापर्यंत केलेल्या एका गार, ओल्या आणि डोळे उघडणाऱ्या सफरीविषयी...

मार्चमध्ये ऑफिसात काय चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. टार्गेट्स, अप्रेझलचे फॉर्म, सीएचे फोन आणि कॅन्टीनमध्ये एकच विषय, ‘यंदा किती टक्के?’ त्याच महिन्याच्या एक तारखेला, इथून दीड-दोन हजार किलोमीटरवर, काही माणसं सकाळी सकाळी गुडघाभर बर्फगार पाण्यात उभी असतात. हातात नऊ फुटी हलकी काठी, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर शाळेच्या पहिल्या दिवसाचा उत्साह. कारण हिमाचलमध्ये १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते. हे थंडीचे चार महिने माशांच्या बाळंतपणाचे. मादी शेपटीनं नदीतली वाळू-खडी उकरून त्यात अंडी घालते आणि तिला कुणी त्रास द्यायचा नाही, असा सरकारी नियम आहे. म्हणजे बघा, आपल्याला वर्षाला मोजून रजा मिळतात आणि ट्राउटला सलग चार महिने!

फिशिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. विहिरीचा किंवा तलावाचा काठ, बांबूची काठी, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, पाण्यावर हलणारा तरंडा आणि तासन्‌तास बसलेला एखादा निवांत माणूस. फ्लाय फिशिंग याच्या बरोबर उलटं. इथे बसायचं नाही, चारा लावायचा नाही आणि दोरीला शिशाचं वजनही नाही. गळावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून हुबेहूब माशी किंवा किडा बनवलेला असतो. त्याचं वजन जवळजवळ शून्य. मग तो वीस-तीस फूट लांब जातो कसा? उत्तर आहे दोरीत. फ्लाय फिशिंगची दोरी मुद्दाम जाड आणि जड असते. काठीनं ती मागे फेकायची, हवेत सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे सोडायची. दोरी आपल्या वजनानं जाते आणि शेंड्याला बांधलेल्या बारीक, पारदर्शक धाग्यावरून माशी अलगद पाण्यावर उतरते. जमलं तर कविता. नाही जमलं तर दोरी तुमच्याच मानेभोवती.

पाण्याबिगर मासं?

माझं घर भिंगारचं. नगरला चिकटून असलेलं, कॅन्टोन्मेंटचं गाव. रणगाड्यांचं ट्रेनिंग सेंटर शेजारी, रणगाडा म्युझियम जवळ आणि गल्लीत दर तिसऱ्या घरी कुणीतरी फौजेतून रिटायर झालेलं. त्यातलेच एक काका नोकरीत असताना काश्मीरला होते. तिथे एका साहेबांच्या नादानं ते ट्राउटच्या नादाला लागले. मी तीर्थनला जाणार असं कळल्यावर त्यांनी माळ्यावरून एक जुनी काठी काढली, फडक्यानं पुसली आणि म्हणाले, “चल ग्राउंडवर.”

“काका, ग्राउंडवर मासे?”

“अगं पोरी, पोहायला आधी पाणी लागतं. गळ टाकायला आधी हात लागतो.”

गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून आम्ही आठवडाभर रोज संध्याकाळी गवतावर दोरी फेकत होतो. हे काही काकांचं खूळ नाही. जगभर फ्लाय फिशिंग असंच हिरवळीवर शिकवतात. समोर घड्याळ आहे असं समजायचं. काठी दहा आणि दोन या आकड्यांच्या मध्येच हलवायची आणि मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. हे थांबणं फार तर सेकंदभराचं, पण सगळी गंमत त्यातच. काका दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, “घाई नको. मागं जाऊ दे तिला, मगच पुढं आण.”

क्रिकेट खेळणारी पोरं आधी लांबून बघत होती. मग एकानं विचारलंच, “ताई, पतंग कुठंय?” शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजींनी तर थेट निकाल दिला, “पाण्याबिगर कसलं मासं धरती गं?” पाचव्या दिवशी मात्र दोरीनं हवेत एक स्वच्छ वळण घेतलं आणि लोकरीचा तुकडा मी ठेवलेल्या वर्तमानपत्रावर जाऊन बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका नुसतेच हसले.

पानी देखिए

दिल्लीहून रात्रीच्या व्होल्वोनं मनालीच्या रस्त्याला लागायचं आणि मनालीच्या बरंच अलीकडे औटला उतरायचं. तिथून लारजी, बंजार आणि मग गुशैणी. लारजीला तीर्थन नदी ब्यासला मिळते. वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून ती उतरते. २०१४ मध्ये युनेस्कोनं या पार्कला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मार्चमध्ये वरच्या उतारांवर बर्फ असतो, खाली जर्दाळूचा मोहर फुटायच्या बेतात असतो आणि नदी काचेसारखी असते. ऊन तापायला लागलं की बर्फ वितळतो, पाणी वाढतं, गढूळ होतं. म्हणून लवकरच्या वसंताला एवढी किंमत.

पहिल्या सकाळी सहा वाजता मी अगदी तयारीत. माझ्या वाटाड्यानं मात्र चहा मागवला. “मॅडमजी, इतनी ठंड में मछली भी रजाई में है.” खरंच होतं ते. मासा थंड रक्ताचा. पाणी फार गार असलं की तो तळाशी सुस्त पडून राहतो. दहा-अकराला ऊन पाण्यावर आलं की दगडांखालचे किडे हलायला लागतात आणि ट्राउटची भूक जागी होते. लवकरच्या वसंतात फिशिंगचा प्राइम टाइम म्हणजे चक्क दुपार. उशिरा उठणाऱ्यांसाठी याहून सोयीचा छंद नसेल!

पाण्यात उतरल्यावर मी मासे शोधायला लागले. त्यानं थांबवलं. “मछली नहीं, पानी देखिए.” आणि मग त्यानं नदी वाचून दाखवली. मोठ्या दगडाच्या मागे पाणी संथ होतं, तिथे मासा विश्रांती घेतो. वेगाचं आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं, ती रेघ म्हणजे त्याचं कॅन्टीन, कारण वाहत येणारं खाणं तिथून जातं. फेस जिथून जातो तिथूनच किडेही जातात. त्यानं एक दगड उचलून उलटा केला. खाली बारीक पायांच्या अळ्या चिकटलेल्या. या अळ्या एक दिवस पंख फुटून पाण्याबाहेर येतात आणि पुष्कळदा एखाद-दुसऱ्या दिवसात मरतात. आज दगडाखाली जे आहे, त्याच्यासारखीच माशी गळावर लावायची. स्वच्छ, गार आणि भरपूर ऑक्सिजनचं पाणी नसेल तर यातल्या बऱ्याचशा अळ्या नाहीत, आणि त्या नाहीत तर ट्राउटही नाही. सांडपाणी आलं की आधी दगडाखालचं जग संपतं. लॅबच्या रिपोर्टची वाट बघायला लागत नाही.

पहिल्या दिवशी माझा स्कोअर शून्य. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास दोरी मध्येच थबकली, मी काठी उचलली आणि पलीकडून कुणीतरी जिवंत ओढ दिली. वीतभराहून थोडा मोठा ब्राउन ट्राउट. पिवळसर-तपकिरी अंग, त्यावर काळे आणि लाल ठिपके, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडा. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. त्याला पाण्यातच धरायचं, बिनकाट्याचा गळ हलकेच काढायचा आणि तोंड प्रवाहाकडे करून थांबायचं. तीन-चार सेकंद तो माझ्या तळहातावर श्वास घेत राहिला. मग गेला. फोटो? राहिलाच!

साहेबांचा पाहुणा

गंमत म्हणजे हा मासा इथला नाहीच. ट्राउट युरोपातून आला. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल या साहेबाला काश्मीरचे झरे बघून घरची आठवण आली. ट्राउटच्या अंड्यांची पहिली खेप १८९९ मध्ये वाटेतच वाया गेली. १९०० च्या अखेरीस स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. कुल्लूत १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ब्यासच्या काठी ट्राउटचं पैदास केंद्र सुरू केलं. बर्फात, ओल्या शेवाळात गुंडाळून अंडी आणायची, नदीत सोडायची आणि वाट बघायची, असा तो खटाटोप. तो यशस्वी झाला, पण त्याची किंमत इथल्या मूळच्या स्नो ट्राउटनं मोजली. नाव ट्राउट असलं तरी हा मासा कार्पच्या, म्हणजे रोहू-महसीरच्या कुळातला. पाहुणा त्याच्याच ताटात जेवू लागला.

आणि तरीही पाहुण्याचा थाट बघा. परवाना लागतो, दिवसाला किती मासे याला मर्यादा आहे, छोटा मासा परत सोडावा लागतो, चार महिने रजा आहे. गावातल्या होम-स्टेचं, वाटाड्यांचं, टॅक्सीवाल्यांचं पोट नदी स्वच्छ राहण्यावर अवलंबून आहे, त्यामुळे नदीत कचरा टाकणाऱ्याला हटकणारी माणसं तिथे आहेत. निसर्गाचा फटका मात्र चुकत नाही. जुलै २०२३ च्या पुरानं ब्यासच्या खोऱ्यात जे केलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. अशा पुरात नदीचा तळच खरवडून निघतो. काठावर हॉटेलं आणि पात्रात मलबा टाकायचा सोस वाढला, तर परवान्याचा कागद ट्राउटला वाचवू शकणार नाही.

समुद्र बघून आलेला भाऊ

ट्राउटच्या जगातला सुपरस्टार म्हणजे स्टीलहेड. आपल्या पॅकेटमध्ये मिळणारा रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड ही एकच जात. फरक एवढाच की स्टीलहेड गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन धष्टपुष्ट होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परततो. एकाच घरातला एक भाऊ गावात राहिला आणि दुसरा अमेरिकेला जाऊन आला, असं समजा. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांत त्याच्यासाठी लोक ऐन थंडीत आणि वसंताच्या सुरुवातीला दिवसेंदिवस पाण्यात उभे राहतात. दिवसभरात एक ओढ मिळाली तरी पार्टी!

पण ‘जाऊन आलेला’ होण्यासाठी वाट मोकळी हवी. धरणांनी ती अडवली. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवर दोन धरणं अनेक दशकं उभी होती. २०११ ते २०१४ या काळात ती पाडली गेली आणि स्टीलहेड पुन्हा वरच्या पाण्यात शिरला. २०२४ मध्ये क्लॅमथ नदीवरची चार धरणं काढून झाली आणि काही आठवड्यांतच सामन मासे वर पोचले. नदीची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा बरी म्हणायची.

आणि आपला कोण?

हे सगळं तीर्थनच्या काठी ऐकत-वाचत असताना एक प्रश्न डोक्यात घुसला. आपल्या दख्खनच्या नद्यांचा असा मासा कोण? उत्तर सापडलं आणि ते चक्क मराठीत होतं.

कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला. त्यानं इथले मासेही नोंदवले आणि १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर प्रबंध मांडला. नावं देताना त्यानं कोळ्यांच्या तोंडची नावं उचलली आणि थेट शास्त्रात घातली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या महसीरचं नाव त्यानं ठेवलं ‘खुद्री’. आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्याला ‘टॉर खुद्री’च म्हणतात. निळसर परांचा, मोठ्या खवल्यांचा, ताकदवान मासा. पावसाळ्यात पाणी चढलं की प्रवाहाविरुद्ध वर जाऊन खडीत अंडी घालणारा. म्हणजे स्टीलहेडसारखाच वाट मागणारा.

ज्या पाण्यात त्याचं बारसं झालं, त्या मुळा-मुठेच्या पुलावरून आपण रोज नाक दाबून ऑफिसला जातो. ती नदी पुढे भीमेला मिळते. भिंगार-नगरचं पाणी सीनेत जातं आणि सीनाही शेवटी भीमेतच. म्हणजे आमच्या गल्लीतली मोरी आणि खुद्री यांचं नातं तसं जवळचंच.

खुद्रीसाठी कुणीच काही केलं नाही असंही नाही. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाशेजारी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून महसीरची पैदास होते. तिथून लाखो पिल्लं देशभर गेली. एकेकाळी धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत असलेला खुद्री आता जागतिक यादीत ‘चिंता कमी’ या गटात आहे. छान बातमी! पण गोष्ट इथे संपत नाही. हीच पिल्लं कावेरीत सोडली गेली. तिथे मूळची नारिंगी परांची, पाठीला कुबड असलेली, आकारानं प्रचंड होणारी महसीर होती. पाहुणा खुद्री तिथे फोफावला आणि घरची महसीर नाहीशी होत गेली. तिची शास्त्रीय ओळख, टॉर रेमादेवी, २०१८ मध्ये पक्की झाली, तोपर्यंत ती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होती.

आणि हे उघडकीला कसं आलं? गळवाल्यांच्या वहीतून! कावेरीकाठच्या कॅम्पवर येणारे लोक मासा पकडत, तोलत, लिहीत आणि परत सोडत. १९९८ ते २०१२ या वर्षांच्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा कोणता मासा वाढतोय आणि कोणता संपतोय हे आकड्यांत दिसलं. सुट्टीवर आलेल्या हौशी माणसांनी एका नदीची जनगणना करून ठेवली होती.

आमच्या जिल्ह्याची वही

नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) पाणी नाही, असं कोण म्हणतं? अकोल्यात भंडारदऱ्याचं १९२६ मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण आहे, प्रवरा आहे, राहुरीजवळ मुळा धरण आहे. (ही मुळा नगरची, पुण्याची वेगळी!) बाजारात मासळीही आहे. पण आपण ज्याला गावरान समजून ताव मारतो, ते कटला आणि रोहू मूळचे गंगेकडचे. धरणांत बीज सोडून वाढवलेले. कोळ्याचं पोट त्यावर चालतं, त्यामुळे त्यांच्याशी भांडण नाही. पण धरणातला मासा वाढला म्हणजे नदी सुधारली, हा हिशोब कावेरीनं खोटा ठरवलाय. पिल्लं हॅचरीत बनतात. गार, वाहतं पाणी आणि वर जायची मोकळी वाट हॅचरीत बनत नाही.

आपल्याकडे बंदीची परंपराही आहेच की! महाडजवळ वाळणकोंडीला वरदायिनी देवीचा डोह आहे. तिथल्या माशांना कुणी हात लावत नाही, कारण ते देवीचे. लोक त्यांना खाऊ घालतात. सरकारी परवाना नाही, दंड नाही, नुसती श्रद्धा, आणि त्यामुळे डोहात आजही महसीर आहेत. हिमाचलनं जे कायद्यानं केलं, ते इथल्या गावानं देवीच्या नावानं केलं. नियम कुठूनही येवो, मासा पाळणाऱ्याला ओळखतो.

तीर्थनहून परतल्यावर काकांना विचारलं, इथे कुठे टाकता येईल का गळ? ते म्हणाले, “आधी बघायला शीक. दगड उचल, खाली काय आहे ते लिही.” म्हणून गेले काही रविवार मी आणि क्रिकेटवाली दोन पोरं प्रवरेच्या वरच्या अंगाला जातो. गळ नाही, काठी नाही. एक वही, एक चाळणी आणि पांढरी परात. दगड उलटायचा, परातीत पाणी घ्यायचं, दिसेल ते मोजायचं, तारीख घालायची, जीव परत सोडायचा. परवा एका पोरानं स्वतःहून पान आखलं आणि वर शीर्षक लिहिलं, ‘माशांचं कॅन्टीन’.

ट्राय करायचंय? एवढं वाचा!

कधी : मार्च ते मे आणि पावसाळा संपल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिमाचलमध्ये ट्राउटला हात लावायचा नाही.

परवाना : हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून मिळतो. दर आणि माशांच्या मर्यादा बदलतात, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या. होम-स्टेवाले मदत करतात.

सामान : नवशिक्यासाठी साडेआठ-नऊ फुटी, चार किंवा पाच नंबरची काठी पुरे. पाण्यात घसरणार नाहीत असे बूट, टोपी आणि पोलराइज्ड गॉगल हवाच. गॉगल स्टाइलसाठी नाही. पाण्यावरची चमक जाऊन तळ दिसतो आणि उडता गळ डोळ्यात जात नाही.

गळ : बिनकाट्याचा घ्या, किंवा पकडीनं काटा दाबून टाका. मासा सोडणार असाल तर पाण्याबाहेर काढूच नका.

घरच्या घरी : तिकीट काढण्याआधी आठवडाभर ग्राउंडवर सराव करा. गळाऐवजी लोकर. लोक हसतील, हसू द्या.

आपल्याकडे : धरणांवरचे मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. भंडारदऱ्याच्या परिसरात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचे नियम लागतात. दगड उलटून खाली बघायला मात्र गळ लागत नाही. बघून झालं की दगड होता तसा ठेवा.